आधी मांड, मग टाच

नांदेडहून लातूरला येताना लोहा तालुक्यात माळेगाव लागते. मार्गशीर्ष वद्यात तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि माळावर घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार फुलतो. मारवाडी, काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा आणि साधी देशी तट्टे शेजारी शेजारी बांधलेली असतात. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघते, भोवरे तपासते, देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का अशा शुभ मानलेल्या खुणा विचारते, खूर उचलून पारखते आणि शेवटी कुणा पोराला पाठीवर बसवून चाल दाखवायला सांगते. पोरगा दोन्ही टाचा हाणतो, घोडे उसळते, भोवतीचे लोक वाहवा करतात. या टाचेला आता एक नवी जोड मिळू लागली आहे. बुटाच्या टाचेवर पट्ट्याने बांधायची धातूची कमान आणि तिच्या मागे छोटी दांडी, म्हणजे स्पर. दांडीचे टोक कधी गोल, बोथट असते, तर कधी त्यात फिरते दातेरी चाक बसवलेले असते. पूर्वी मोजक्या स्वारांपुरती असलेली ही वस्तू आता ऑनलाइन मागवली की घरपोच येते. घोडा शिकणाऱ्या मुलामुलींनी ती वापरावी का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. मांड पक्की होईपर्यंत वापरू नये, मग शिकणाऱ्याचे वय नऊ असो की एकोणीस.

मराठीत घोड्याचा संसार मोठा आहे. लगाम, रिकीब, खोगीर, तंग, चाबूक. दुडकी, भरधाव, चौखूर. पागा, बारगीर, शिलेदार, मोतद्दार. यांतले कितीतरी शब्द फारसी-अरबीतून आले आणि इथल्या बोलण्यात मुरून गेले. स्परला मात्र घरोघरी रुळलेला मराठी शब्द नाही. आपण ‘टाच मारली’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर स्वाराच्या पायाची टाचच येते. आणि टाचेच्याही आधी येते ती मांड. मांड ठोकणे म्हणजे मांड्यांच्या पकडीवर आणि कंबरेच्या तोलावर असे बसणे, की लगाम सैल सोडला तरी स्वार हलत नाही. भीमाकाठच्या भीमथडी तट्टांवर ज्यांनी मुलूख तुडवले आणि १७६० साली उदगीरजवळ सदाशिवरावभाऊंच्या फौजेतून ज्यांनी निजामाला जेरीला आणले, त्यांची मदार या मांडीवर होती. एका शब्दाच्या नसण्यावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण कशाला आधी मान द्यायचा, हे भाषेने बरोबर नोंदवून ठेवले आहे. युरोपात स्पर मुबलक होते, तरी तिथेही सोनेरी स्पर ही सरदारकीची खूण होती. ती मिळवावी लागे. १३०२ साली फ्लँडर्समधल्या कोर्त्रेच्या लढाईत पडलेल्या फ्रेंच सरदारांचे असे स्पर गोळा करून चर्चमध्ये टांगले गेले आणि त्या लढाईला सोनेरी स्परांचीच लढाई हे नाव पडले.

आता घोड्याच्या बाजूने बघू. उन्हात बांधलेल्या घोड्याच्या कुशीवर माशी बसली की काय होते, ते जवळ उभे राहून बघावे. पुष्कळदा घोडा मान वळवत नाही, पाय आपटत नाही. माशी बसली तेवढाच कातडीचा तुकडा थरथरतो आणि माशी उडते. कातडीखालचा एक पातळ स्नायू हे काम करतो. माशीचे पाय ज्याला कळतात, त्याला टाच कळत नाही असे म्हणणे चुकीचे आहे. ‘घोड्याचे कातडे जाड, त्याला काय लागते?’ हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते. सिडनी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२० साली घोड्याच्या आणि माणसाच्या पुठ्ठ्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघितली. वरच्या थराची जाडी आणि त्यातले वेदना टिपणारे मज्जातंतू यांत दोघांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. घोड्याची कातडी एकूण जाड भरते ती खालच्या थरामुळे. वेदना टिपणारी टोके त्या थराच्या वर असतात. ती तपासणी चाबकाच्या वादातून झाली होती आणि पुठ्ठ्यापुरती होती, पण जाड कातड्याची सबब तिने मोडीत काढली.

याहून मोठा मुद्दा घोडा शिकतो कसा हा आहे. स्वाराच्या पायाचा दाब आला, घोडा पुढे सरकला आणि त्याच क्षणी दाब सुटला, तर घोड्याला कळते की पुढे सरकणे हेच बरोबर उत्तर होते. दाब सुटण्याची वेळ हीच त्याची शाबासकी. ती वेळ साधायला स्वाराचा पाय स्वाराच्या ताब्यात असावा लागतो, आणि नवशिक्याचा नेमका तोच नसतो. दुडक्या चालीत तो वरखाली आपटतो, तोल सांभाळायला गुडघे आवळतो, टाच वर चढते आणि प्रत्येक टापेगणिक पोटाला लागते. साध्या टाचेने एवढे झाले तर घोडा सोसतो. त्या टाचेला लोखंडाचे टोक असेल, तर मुलाने न दिलेले हुकूम मिनिटाला कितीतरी वेळा घोड्याच्या बरगडीवर पडतात. त्यातच मूल घाबरून लगाम ओढते. म्हणजे तोंड सांगते थांब आणि कूस सांगते पळ. काही घोडे अशा वेळी कान मागे टाकतात, शेपूट झटकतात, पुढचे पाय उचलतात किंवा उधळतात. बाकीचे सोसून सोसून बधिर होतात आणि मग मालक म्हणतो, घोडा आळशी आहे, मोठा स्पर लागेल.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या आधुनिक पंचक्रीडा प्रकारात हे साऱ्या जगाने पाहिले. त्या खेळात स्पर्धकाला चिठ्ठीने मिळालेला अनोळखी घोडा उडवावा लागे. जर्मनीची ॲनिका श्लॉय सुवर्णपदकाच्या वाटेवर होती. सेंट बॉय नावाचा तिचा घोडा बिथरला आणि अडून बसला. ती रडत रडत चाबूक आणि स्पर वापरत राहिली, प्रशिक्षिका कुंपणापलीकडून मार म्हणून सांगत होती आणि तिने स्वतःही घोड्याला ठोसा मारला. प्रशिक्षिकेची हकालपट्टी झाली, पदक गेले आणि पुढे पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकण्यात आली. श्लॉय ही काही अडाणी पोर नव्हती. एवढ्या सरावाच्या खेळाडूचाही भीतीच्या क्षणी पायावरचा ताबा जातो, तर शिकाऊ मुलाच्या टाचेवर आपण कोणत्या भरवशाने धातू बांधायचा?

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये भारताच्या तरुण चमूने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली अचूक करून घेण्याच्या प्रकारात, सुवर्ण जिंकले; त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. या प्रकारात स्पर हे नेहमीचे साधन आहे, मग आपल्या मुलांनाच मनाई का? कारण तिथे स्पर घोडा पळवायला नसतो. आडवे पाऊल कुठे टाकायचे, मागचा पाय केव्हा आत घ्यायचा, एवढी बारीक खूण त्याने दिली जाते, आणि ती देणाऱ्या पायामागे वर्षानुवर्षांची मांड असते. स्थिर पायाचा हलका स्पर वारंवार हाणलेल्या टाचेपेक्षा सौम्य असतो, हे मी नाकारत नाही. सगळी भिस्त ‘स्थिर पाय’ या अटीवर आहे. दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. लहान मुलाचे पाय आखूड असतात, ते खोगिराच्या पाख्यावरच संपतात, पोटापर्यंत पोहोचतच नाहीत. मग घोड्याला कळवायचे कसे? इथे चूक घोड्याच्या निवडीत आहे. मुलाला उंच मारवाडी देऊन वर स्पर देण्यापेक्षा लहान तट्टू द्यावे, रिकिबीचे पट्टे मापात घ्यावेत आणि आवाजाची सवय लावावी. सुरुवातीला घोडा लांब दोरीवर गोल फिरवत ठेवावा, म्हणजे चालवण्याचे काम शिकवणाऱ्याकडे राहते आणि मुलाला फक्त बसायचे उरते. ‘इथली बहुतेक पोरे चपलेवर नाही तर अनवाणी बसतात, त्यांना स्परचे काय?’ असेही कोणी विचारेल. पण हातोड्यासारखी हाणलेली अनवाणी टाच त्याच वाटेवरची आहे, आणि स्पर तिच्यापुढचे पाऊल आहे.

लातूरच्या शेतकऱ्याला हे पटवून द्यायला फार शब्द लागू नयेत. देवणी बैलाला पराणीची आर टोचणाऱ्या गड्याला जाणते मालक आजही दोन शब्द सुनावतात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मान्यता कायम ठेवली, पण शर्यतीच्या नियमांत बैलाला काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देण्याला मनाई आहेच. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांत काटेरी लगाम आणि जखम किंवा तीव्र वेदना करणारी टोकदार साधने निषिद्ध आहेत. तरी वरातीच्या घोड्याच्या तोंडात काटेरी लगाम दिसतो. बँडच्या तालावर घोडा मान टाकून नाचतो असे आपल्याला वाटते, तेव्हा पुष्कळदा तो तोंडातल्या काट्यांपासून सुटायला बघत असतो. दातेरी चाकाचा स्पर हे त्याच काट्यांचे पायातले भावंड आहे. अशा वरातीच्या घोड्यावर शिकणाऱ्या मुलाच्या पायात तो कधीच येऊ नये.

बाकीच्यांसाठी कसोटी सोपी आहे, फक्त घाई करून चालत नाही. लगाम हातात न घेता, रिकिबीतून पाय काढून, दोरीवरच्या घोड्यावर मूल दुडक्या चालीत बसू शकते का? घोडा दचकला तर त्याच्या टाचा पोटाला चिकटतात की सैल राहतात? एका हलक्या दाबावर घोडा निघाला, की पाय लगेच सुटतो का? हे सगळे जमले, तर शिकवणाऱ्याने स्वतः ठरवून आखूड, गोल, बोथट टोकाचा स्पर ठरावीक धड्यापुरता द्यावा आणि धडा संपला की काढून घ्यावा. निर्णय आईबापांच्या हौसेवर सोडू नये, मुलाच्या हट्टावर तर नाहीच.

यंदा माळेगावला घोडे घ्यायला जाणाऱ्यांनी दात आणि भोवरे जरूर बघावेत. पण बयाणा देण्याआधी तंगाच्या मागे वीतभर अंतरावर, जिथे स्वाराची टाच येते तिथे, दोन्ही बाजूंनी तळहात फिरवावा. केस उडालेले, कातडी निबर झालेली, किंवा काळ्या-तांबड्या अंगावर तिथेच पांढऱ्या केसांचा ठिपका उगवलेला असेल, तर तिथे जुनी इजा झाली असण्याचा संभव मोठा. तिथे हात लागताच घोडे कान मागे टाकते का, तेही बघावे. आणि त्याच घोड्यावर आपले मूल बसणार असेल, तर चाल दाखवणाऱ्या पोराला सांगावे, की बाळा, टाच न मारता दाखव.