ऑर्किडच्या मुळांतील बुरशी ओळखावी कशी ?



ऑर्किडचें फूल आपण कौतुकानें पाहतों. त्याचें बीं मात्र थोड्यांनींच पाहिलें असेल. पिकलेलें बोंड फुटलें म्हणजे त्यांतून भुकटी उडते. तिच्यांतील एकेक कण म्हणजे एकेक बीं. गव्हाच्या दाण्यांत अंकुरासाठीं शिधा भरलेला असतो; या कणांत तो जवळजवळ नसतोच. मग हें बीं उगवतें कोणाच्या आधारावर ? नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला याचें उत्तर १८९९ सालीं फाँतेनब्लोच्या अरण्यांत सांपडलें. नुकत्याच उगवलेल्या ऑर्किडच्या रोपांत त्याला बुरशीचे तंतु दिसले. बुरशी बाहेरून अन्न आणते आणि रोप तिचे तंतु पचवितें, असा हा व्यवहार. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत लुईस नुडसन यानें साखर घातलेल्या अगरच्या खळीवर बुरशीवांचून बीं उगवून दाखविलें. परंतु अरण्यांत साखर कोण वाढणार?

म्हणून एखादें दुर्मिळ ऑर्किड पुन्हां रानांत वसवावयाचें, तर त्याची दाई कोणती हें आधीं ठरवावें लागतें. अडचण येथेंच आहे. मुळावर व मुळांत नाना प्रकारच्या बुरश्या राहतात. मुळाचा तुकडा तसाच खळीवर ठेवला, तर दोन-चार दिवसांत एखादी हिरवी किंवा काळी बुरशी सारी बशी व्यापते, आणि नवखा अभ्यासक तिचेंच नांव टिपून मोकळा होतो.

जाणता अभ्यासक आधीं मुळाचा पातळ काप निळ्या रंगांत बुडवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरतो. पेशीपेशींत लोकरीच्या गुंड्यांसारखीं तंतूंचीं वेटोळीं दिसतात. कांहीं टवटवीत, कांहीं आक्रसलेलीं. हीं दुसरीं वनस्पतीनें पचवावयास घेतलेलीं. झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडांत तीं बहुधा सालीला चिकटलेल्या बाजूसच मिळतात. हवेंत लोंबणारें मूळ कापून निराश होण्यांत अर्थ नाहीं. मूळ बाहेरून निर्जंतुक करावें, स्वच्छ पाण्यांत फोडावें, आणि ताजें वेटोळें बारीक नळीनें उचलून खळीवर ठेवावें. त्यांतून निघणारे तंतु पुष्कळदां काटकोनांत फांद्या फोडतात. फांदी बुडाशीं किंचित् आवळलेली असते. ही ऱ्हायझोक्टोनियाची ठेवण. या ग्रीक नांवाचा अर्थ ‘मुळांचा मारेकरी’ ! बटाट्याला व भाताला रोग जडविणारी ऱ्हायझोक्टोनिया सोलानी याच ठेवणीची. तेव्हां केवळ चेहऱ्यावरून दाई कोणती व मारेकरी कोण, हें सांगतां येत नाहीं. पेशींतील केंद्रें मोजल्यास थोडा उलगडा होतो : सोलानीच्या पेशींत तीं पुष्कळ, सेराटोबेसिडियम व ट्युलास्नेला यांच्यांत दोन.

आतां डीएनए वाचून नांव काढतात. परंतु ट्युलास्नेला ही ऑर्किडांची नेहमींची सोबतीण. तिचा तो भाग इतका बदललेला आहे कीं, सर्वसाधारण बुरश्यांसाठीं केलेली किल्ली तिला पुष्कळदां लागत नाहीं. निराळी किल्ली न वापरल्यास नेमकी तीच यादींतून गळते. शिवाय मुळांत कोण होतें एवढेंच डीएनए सांगतो. कोण पोसत होतें, तें नाहीं. त्यासाठीं ओटच्या पिठाच्या खळीवर ती बुरशी व तें बीं एकत्र पेरावें, शेजारीं बुरशीवांचून दुसरी बशी ठेवावी, आणि कित्येक आठवडे वाट पाहावी. बीं फुगलें एवढ्यावर समाधान मानूं नये. पुष्कळसें बीं बुरशीवांचूनही तेवढें फुगतें आणि तेथेंच थांबतें.