कॅमेऱ्याच्या पोटातला सर्व्हर

पोस्टाच्या तिकिटाएवढ्या एसडी कार्डात अख्खा वेब सर्व्हर बसवता येतो, हे तोशिबाने २०१२ साली दाखवून दिलं. फ्लॅशएअर नावाचं ते कार्ड. दिसायला साधं, कॅमेऱ्यात घालायचंही नेहमीसारखंच. फक्त कॅमेरा चालू केला की हे कार्ड स्वतःचं वायफाय सुरू करतं. मोबाइल त्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकायचं, की कार्डातले फोटो समोर. इंटरनेट लागत नाही, ॲप उतरवून घ्यावं लागत नाही, कुठे खातं उघडावं लागत नाही.

मला गरज पडली ती नांदूर मध्यमेश्वरला. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला गेला, त्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणथळ तयार झालं. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. हिवाळ्यात रविवारी चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर गर्दी असते. शाळांच्या सहली येतात. गाइड म्हणून काम करणारी पोरं आसपासच्या गावांतलीच, आणि नजर अशी तयार की उडत्या थव्यातलं तलवार बदक दुर्बीण न लावता सांगतात. पण स्कोप एक आणि मुलं वर्गभर. एकेकाच्या वाट्याला दोन-चार सेकंद येतात. त्यात निम्म्यांना डोळा नेमका कुठे लावायचा हेच कळत नाही आणि उरलेले 'दिसला, दिसला' म्हणून मोकळे होतात.

मित्राकडे लांब लेन्सचा कॅमेरा होता. तो जे टिपतो ते तिथल्या तिथे टॅबलेटवर मोठं दिसलं तर गाइडला बोट ठेवून सांगता येईल, की ही जांभळी पाणकोंबडी, हा वारकरी, त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा बघा. मोबाइलची रेंज तिथे कधी असते, कधी नसते, त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवापाठवीचा प्रश्नच नव्हता. कपाटात पडलेलं फ्लॅशएअर आठवलं.

कंपनीने कार्डात दिलेलं पान कामापुरतं आहे: फोल्डर, मग फोल्डरातले छोटे छोटे फोटो, एकेकाला टिचकी मारत बसा. पण कंपनीने एक मोकळीक ठेवली होती. कार्डात एक लपवलेलं फोल्डर असतं. त्यात लिस्ट डॉट एचटीएम नावाची आपली फाइल टाकली की कंपनीच्या पानाऐवजी ती उघडते. कार्डाशी बोलायचे आदेशही कंपनीने जाहीर केले होते. म्हणजे ॲप करायचं म्हणजे एक पान लिहायचं आणि ते कार्डातच ठेवायचं. ते पान लॅपटॉपवर ठेवून कार्डाकडून यादी मागवायला गेलं की ब्राउझर आडवा येतो. एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरची माहिती वाचायला त्याची परवानगी नसते. त्याच कार्डातून आलेल्या पानाला मात्र कोणी अडवत नाही.

त्याच लपवलेल्या फोल्डरात कॉन्फिग नावाची साधी मजकुराची फाइल असते. वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं तिथे. कारखान्यातून येणारा पासवर्ड १२३४५६७८ असतो, आणि गर्दीच्या मनोऱ्यावर तो तसाच ठेवणं म्हणजे कॅमेरा कोणाच्याही हातात देणं. कोणी जोडलेलं नसेल तर कार्ड काही वेळाने वायफाय बंद करतं. तो वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो, तीन लाख म्हणजे पाच मिनिटं. तिथे शून्य लिहिलं की कार्ड झोपत नाही. टेबलावर काम करताना कॅमेरा लागतच नाही. कार्ड रीडरमधून वीज मिळाली की कार्डाचा सर्व्हर खुशाल चालतो.

आता यादी. शंभर नंबरचा आदेश फोल्डरच्या नावासकट दिला की कार्ड साध्या मजकुरात उत्तर देतं, एका फोटोला एक ओळ, मध्ये स्वल्पविराम. चाचणीसाठी मी २०१५च्या सिंहस्थातले गंगेवर काढलेले जुने फोटो कार्डात टाकले होते. (नाशिककर रामकुंडाकडे निघाला की गंगेवर चाललो म्हणतो, गोदावरीवर नाही.) त्यातली एक ओळ घ्या: फोल्डर, फाइलचं नाव, आकार, मग ३२, मग १८२०५, मग १३२५८. यातला ३२ हा फाइलचा प्रकार. फोल्डर असेल तर तिथे १६ येतो. शेवटचे दोन आकडे तारीख आणि वेळ. ही डॉसच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे, दोन बाइटमध्ये तारीख आणि दोन बाइटमध्ये वेळ कोंबायची. १८२०५ ला ५१२ ने भागा, ३५ येतात. वर्ष १९८० पासून मोजायचं, म्हणून २०१५. बाकी २८५ उरते, तिला ३२ ने भागा, ८, म्हणजे ऑगस्ट. उरले २९. एकोणतीस ऑगस्ट २०१५, पहिल्या शाहीस्नानाचा दिवस. वेळेचंही तसंच. १३२५८ ला २०४८ ने भागलं की ६ तास, बाकीला ३२ ने भागलं की ३० मिनिटं, उरले १०. त्याची दुप्पट करायची, २० सेकंद. सकाळचे साडेसहा वाजून वीस सेकंद.

दुप्पट का, तर सेकंदांना पाचच बिट दिलेत. पाच बिटांत शून्य ते एकतीस एवढीच मजल जाते, म्हणून सेकंद जोडीजोडीने मोजतात. विषम सेकंद या यादीत कधी येतच नाही. ऐकायला ही गंमत वाटते, पण पक्ष्यांच्या फोटोग्राफीत ती नडते. बदकं पाण्यावरून उठली की फोटोग्राफर बटण दाबूनच धरतो. दोन सेकंदांत दहा-बारा फोटो पडतात आणि सगळ्यांची वेळ एकच. वेळेनुसार लावले तर थवा पुढे-मागे उडताना दिसतो. म्हणून क्रम फाइलच्या नावातल्या आकड्यावर लावावा लागतो. तिथेही एक अट आहे: ९९९९ नंतर आकडा पुन्हा ०००१ वर येतो. सुदैवाने कॅमेरे फोल्डरांनाही शंभरपासून चढते आकडे देतात. आधी फोल्डर, मग फाइल असा क्रम लावला की प्रश्न मिटतो.

यादी हाती आली की चित्रं. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा जेपीजी सात-आठ एमबीचा सहज होतो. असे शंभर फोटो कार्डाच्या चिमुकल्या वायफायवरून एकदम मागवणं शक्य नाही. पण प्रत्येक जेपीजीच्या आत कॅमेराच एक छोटी प्रत लपवून ठेवतो, १६० बाय १२० ठिपक्यांची. कार्डाला वेगळा आदेश दिला की ते तेवढीच काढून देतं. काही केबींचा मामला. तरीही पान उघडलं की निम्मी चित्रं यायची आणि निम्म्यांच्या जागी तुटक्या चौकटी. दोष ब्राउझरच्या उत्साहाचा. तो एका सर्व्हरकडे एकाच वेळी सहा-सहा मागण्या धाडतो. मोठ्या सर्व्हरला त्याचं काही नाही, या कार्डाला मात्र तेवढ्यात धाप लागते. त्याच वेळी कॅमेराही त्यावर नवीन फोटो लिहीत असतो. म्हणून रांग लावली. एक चित्र आलं की पुढचं मागायचं, आणि सर्वांत नवीन फोटोला रांगेत पहिला मान. पान दिसायला हळू वाटतं, पण अडत नाही. या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोग झाला असेल तर या वीसेक ओळींचा.

मोठा फोटो दाखवताना वेगळी अडचण. सात एमबीचा जेपीजी पडद्यावर उलगडला की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात. दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचे साडेनऊ कोटींहून जास्त बाइट होतात, म्हणजे शंभरेक एमबी. जुन्या टॅबलेटवर असे थोडे फोटो पाठोपाठ उघडले की ब्राउझर कोणाला न विचारता बंद होतो. म्हणून एका वेळी एकच मोठा फोटो, पुढचा येताना मागचा काढून टाकायचा. आणि खरा उपाय कॅमेऱ्यात आहे. रॉ आणि सोबत लहान आकाराचा जेपीजी अशी दोन्हींची नोंद लावून ठेवायची. रॉ फोटोग्राफरला घरी, लहान जेपीजी मुलांना लगेच. पानाने फक्त जेपीजीच उचलायचे.

हल्ली वेबपान करणाऱ्यांना बाहेरून सगळं आयतं उचलायची सवय झाली आहे: ही लायब्ररी इथून, तो फॉन्ट तिथून, चिन्हं आणखी कुठून. इथे बाहेर काही नाहीच. लागेल ते सगळं कार्डात असलं पाहिजे. त्यामुळे पान आपोआप आटोपशीर राहतं, आणि मला ते आवडलं. मराठी अक्षरं टॅबलेटमधल्याच फॉन्टमध्ये नीट दिसतात. फक्त पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ असं लिहायला विसरायचं नाही, नाहीतर 'जांभळी पाणकोंबडी'च्या जागी चिन्हांचा चिवडा उमटतो. पडदा जागा ठेवायची ब्राउझरमधली सोय सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसच्या पत्त्यावरच चालते. कार्डाला ते जमत नाही. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा न मिटण्याचा वेळ वाढवायचा, संपलं.

नवीन फोटो पडला हे पानाला कसं कळतं, तर विचारून. कार्डात काही बदललं का, एवढंच विचारणारा एक आदेश आहे. उत्तर शून्य किंवा एक. पान दर काही सेकंदांनी विचारतं, एक आला की यादी पुन्हा मागवतं, शेवटचा फोटो उघडतं.

मनोऱ्यावर गेल्यावर ज्या गोष्टी घरी कळत नाहीत त्या कळल्या. अँड्रॉइडला हे वायफाय आवडत नाही. 'इंटरनेट नाही' असं बजावून ते गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतं आणि पान कोरं होतं. डेटा बंद करून ठेवायचा. कॅमेरा वीज वाचवायला झोपला की कार्डही झोपतं, म्हणून त्याची झोपायची वेळ लांबवायची आणि जास्तीची बॅटरी खिशात ठेवायची. कार्डाची लहर फार लांब जात नाही, टॅबलेट कॅमेऱ्याजवळच बरा. आणि ऊन. नऊनंतर पडद्यावर आपलाच चेहरा दिसायला लागतो. द्राक्षाच्या पॅकिंगचा पुठ्ठ्याचा खोका आडवा करून त्यात टॅबलेट ठेवला आणि काम झालं. निफाड तालुक्यात खोक्याला तोटा नाही.

पलीकडे दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून सरकत आला तशी बदकं उठली. शटर खटाखट वाजलं. मुलं आभाळाकडे बघत असतानाच खोक्यात पहिला फोटो उमटला, मग दुसरा. गाइड खाली बसला आणि सांगू लागला, हा बघा, शेपटीला टोक आहे तो तलवार, आणि हा चोचीचा फावडा झालेला थापट्या. आता मुलांचे प्रश्न नेमके आले: याचा पाय नारिंगी का, तो का नाही उडाला. मग अर्थातच एकाने विचारलं, "काका, आमचा पण काढा ना, यात येतो का बघू." आला.

या पानावर एक बटण नाही आणि ते मी कोणाच्या आग्रहाने घालणारही नाही: फोटो पुसायचं. फोटोग्राफर मंडळी हटकून मागतात. 'हललेले इथेच उडवू की.' पण कार्डातल्या फाइलींचा हिशेब कॅमेरा स्वतःच्या डोक्यात धरून असतो. त्याच्या पाठीमागून ब्राउझरने त्याच कार्डात फेरफार केला की दोघांचे हिशेब जुळत नाहीत आणि पुढचा फोटो कोणत्यातरी जुन्या फोटोवर लिहिला जाऊ शकतो. बाहेरून कार्डात लिहायची परवानगी कॉन्फिगमध्ये मुळात बंदच असते. मी ती बंदच ठेवली. दाखवायचं यंत्र आहे, दाखवू दे.

आयफाय नावाची वायरलेस कार्डं याच्याही आधी, २००७ साली बाजारात आली होती. त्यांचं बरंचसं काम कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होतं. २०१६ साली कंपनीने जाहीर केलं की १६ सप्टेंबरनंतर जुन्या एक्स-२ कार्डांना तिच्या सेवेचा आधार मिळणार नाही. कार्डं धडधाकट होती, लोकांनी पैसे मोजून घेतलेली होती. तोशिबाचा मेमरीचा धंदाही २०१९ पासून किओक्सिया नावाने चालतो, आणि आता बहुतेक कॅमेऱ्यांत वायफाय आतच येतं, त्यामुळे असं कार्ड कोणी मुद्दाम विकत घेणार नाही. पण फ्लॅशएअरचा सर्व्हर त्याच्याच पोटात आहे. कंपनीचं नाव बदललं, माणसं बदलली, तरी १९२.१६८.०.१ टाकल्यावर उत्तर येतंच. कॅमेऱ्यातलं आयतं वायफाय बहुधा त्या-त्या कंपनीचं ॲप मागतं, ते ॲप जुन्या टॅबलेटवर बसत नाही, आणि बसलंच तर एका वेळी एकच जण जोडू देतं. साध्या ब्राउझरला यातलं काही लागत नाही.

तेव्हा कोणाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असं कार्ड पडलं असेल तर भंगारात टाकू नका. गावातल्या शाळेला द्या, सोबत एखादा जुना टॅबलेट द्या. पान लिहायला एक रविवार पुरतो.