जुन्या जीपचे ड्रम ब्रेक

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे पातेले आणि त्याच्या पोटात बसवलेल्या, स्वतः न फिरणाऱ्या दोन चंद्रकोरी. या चंद्रकोरींना ब्रेक शू म्हणतात. त्यांच्या पाठीवर लायनर रिव्हेटने ठोकलेला किंवा चिकटवलेला असतो. पेडल दाबले की शू बाहेर फाकतात, लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतो आणि चाक मंदावते. पाय काढला की स्प्रिंग शूंना आत ओढून घेते. नगरच्या कायनेटिक कारखान्यातून निघून गावोगाव पोहोचलेल्या लूनाच्या चाकातही हीच रचना होती. तिथे शू फाकवण्याचे काम केबलने ओढलेला कॅम करी, मोटारीत ते ब्रेक ऑईलच्या दाबावर चालते.

ही रचना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. फ्रान्समध्ये लुई रेनोने १९०२ साली ती रूढ केली आणि तेलाच्या दाबावर चारही चाके धरण्याची पद्धत १९२०च्या दशकात आली. त्याआधी बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांना ब्रेकच नसत. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती मोटार उभी आहे. तिच्या पिढीतली अवजड वाहने मागच्या दोन चाकांच्या भरवशावरच थांबत.

नगर जिल्ह्यात ड्रम ब्रेकची जुनी गाडी म्हटले की ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी आठवतातच, पण खरा मान जीपचा. महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलीस जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ साली थांबले तरी आपल्याकडे कित्येक वर्षे निघत राहिले. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यापासून काळ्या-पिवळ्या प्रवासी वाहतुकीपर्यंत तिने सगळी कामे केली. आता तीच जीप हौसेने जपली जाते. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, आणि ते स्वतःहून ॲडजस्ट होत नाहीत. लायनर झिजत जातो, लायनर आणि ड्रम यांच्यातली फट वाढत जाते आणि ती पुन्हा कमी करायला माणसाचाच हात लागतो.

ही फट किती असावी? विलीसच्या पुस्तकात शूच्या खालच्या टोकाला ०.००५ इंच आणि वरच्या टोकाला ०.००८ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ आणि ०.२० मिलिमीटर, असे माप आहे. वर्तमानपत्राची दोन-तीन पाने एकावर एक ठेवली तर होईल तेवढीच ही जाडी. फट याहून कमी झाली तर लायनर सतत घासून ड्रम तापतो. जास्त झाली तर पेडलचा निम्मा प्रवास नुसती फट भरण्यातच जातो.

गॅरेजमध्ये सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पेडल खाली गेले की पहिला सल्ला मिळतो, ‘एअर काढा’. पण पेडल काय सांगते ते आधी ऐकले पाहिजे. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येते आणि कडक लागते, तर दोष फटीचा. तिथे ब्रेक ॲडजस्ट करायचे, एअर काढून काही हाती लागत नाही. पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि पंप मारत गेल्यावर हळूहळू कडक होते, तर नळीत हवा आहे. आणि पाय दाबून धरला असताना पेडल संथपणे फळीकडे उतरत जाते, तर मास्टर सिलेंडरचा रबरी वॉशर गेला आहे किंवा कुठेतरी ऑईल गळते आहे. या तिसऱ्या अवस्थेत गाडी रस्त्यावर काढणे म्हणजे निव्वळ आडदांडपणा. जुन्या जीपमध्ये चारही चाकांची तेलवाट एकच असते. एका चाकाचा सिलेंडर फुटला की चारही ब्रेक एकदम जातात.

गाडी एका अंगाला खेचत असेल तर निदान उलटे करावे लागते. ब्रेक दाबल्यावर जीप उजवीकडे ओढली, तर उजवा ब्रेक जास्त धरतो असे समजून तो सैल करतात. बहुधा तो बिचारा आपले काम नीट करत असतो आणि आजारी असतो डावा. डाव्या ड्रममध्ये ग्रीस उतरलेले असते किंवा सिलेंडरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो. चाचणी सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा ब्रेक मारून थांबावे आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. जो थंड, तो कामचुकार. याउलट ब्रेक न वापरता दहा किलोमीटर जाऊन एखादा ड्रम तापलेला आढळला, तर तो ब्रेक चाकाला धरून बसला आहे.

ब्रेक ॲडजस्ट करायला घेण्यापूर्वी जीपची एक खोड माहीत हवी. तिचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते, जमिनीवरचे सुलटे, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावणे आणि चॅसीखाली घोडी देणे याला पर्याय नाही.

चाक हवेत मोकळे फिरू लागले की बॅक प्लेटच्या वरच्या भागात दोन ॲडजस्टर दिसतात, प्रत्येक शूला एक. आतल्या बाजूला त्यांना लंबगोल कॅम असतो. लॉक नट सैल करून पुढच्या शूचा ॲडजस्टर शू ड्रमकडे सरकेल असा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहायचे. चाक अडले की ॲडजस्टर हळूच मागे आणायचा, चाक जेमतेम मोकळे होईपर्यंत. लॉक नट आवळताना ॲडजस्टर हलू नये म्हणून तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा लागतो. मागच्या शूचेही असेच. मध्येच एकदा पेडल दाबून शू जागेवर बसू द्यावेत, नाहीतर घरी जमलेले माप वेशीपर्यंत जाईतो बिघडते. या कामात बॅक प्लेटच्या तळाशी असलेल्या अँकर पिनांना हात लावू नये. त्या फक्त नवे शू बसवताना, फीलर गेज घेऊनच फिरवायच्या.

फटीइतकेच महत्त्व पेडलच्या मोकळ्या हालचालीला आहे. मास्टर सिलेंडरचा दांडा पिस्टनला टेकण्याआधी पेडल सुमारे अर्धा इंच सैल हलले पाहिजे. ही ढील नसेल तर सिलेंडरमधले परतीचे बारीक छिद्र बंदच राहते, तापून फुगलेल्या ऑईलला मागे जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. ‘गाडी ओढत नाही’ म्हणून इंजिन खोलले गेले आणि कारण या अर्ध्या इंचात निघाले, असे जुन्या मेकॅनिकांकडून हमखास ऐकायला मिळते.

ड्रम उतरवायचा झाल्यास मागच्या टेपर ॲक्सलवरचा ड्रम पुलरनेच काढावा. हातोड्याच्या घावाने बीड तडकते. आतली भुकटी तोंडाने फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगापर्यंत मजल जाऊ शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजला असेल, किंवा त्यात ग्रीस किंवा ऑईल मुरले असेल, तर तो बदलायचाच. पेट्रोलने धुऊन वाळवलेला लायनर दोन दिवस बरा चालतो, मग तापला की आत मुरलेले तेल पुन्हा बाहेर येते. पण लायनर बदलण्याआधी तेल आले कुठून ते शोधावे, म्हणजे ॲक्सलचे सील किंवा चाकाचा सिलेंडर पाहावा. नवा लायनर एकाच चाकाला लावू नये; पुढची जोडी नाहीतर मागची जोडी एकदम बदलावी. ड्रमला खाचा पडल्या असतील तर दोन्ही ड्रम लेथवर सारख्याच मापाला घासून घ्यावेत, आणि व्यास मूळ मापापेक्षा दीडेक मिलिमीटरने वाढला की त्यांना निरोप द्यावा. शूची गोलाई ड्रमशी जुळते का, हे ड्रमला आतून खडू लावून, शू टेकवून घासला की कळते. खडू फक्त टोकांना उमटला, तर मध्ये पोकळी आहे.

ब्रेक ऑईल हे नाव मात्र फसवे. ते ऑईल नाही, ग्लायकॉलपासून केलेला द्रव आहे. नावाला भुलून त्यात इंजिन ऑईल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल ओतले तर सगळे वॉशर फुगून निकामी होतात. हा द्रव हवेतला ओलावाही शोषतो. डॉट-३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. म्हणून दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. मास्टर सिलेंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली असल्याने झाकण उघडण्यापूर्वी तिथली माती झाडून घ्यावी. एअर काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. उजव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे.

या जिल्ह्यात ब्रेकला दोन तऱ्हेचा छळ सोसावा लागतो. पूर्वेकडे पाथर्डी-शेवगावची धूळ, पश्चिमेकडे अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरचा मुसळधार पाऊस. पाण्यातून गेल्यावर लायनर ओला होऊन घसरतो. अशा वेळी मंद वेगात पेडल हलके दाबून धरत थोडे अंतर गेले की तो वाळतो. घाटात प्रश्न उष्णतेचा. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो आणि लायनरची पकडही कमी होते. पाय दाबलेला, पण गाडी थांबत नाही, अशी वेळ येते. नगर-कल्याण रस्त्याने माळशेज उतरताना किंवा संगमनेरजवळच्या चंदनापुरीत ज्या गिअरमध्ये चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे बराच भार इंजिन घेते. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो.

नवे लायनर ड्रमशी पूर्ण जुळायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात आणि तेवढ्यात फट पुन्हा थोडी वाढते. ते अंतर सपाट रस्त्यावर, हलक्या ओझ्याने कापावे, चारही चाके पुन्हा एकदा ॲडजस्ट करून घ्यावीत आणि मगच गाडी करंजी घाटाकडे वळवावी.