उंच पठारावरील दोन राजधान्या

नकाशावर पाहिले असता बंगळूर आणि बोगोटा या दोन नगरांमध्ये जवळजवळ अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. एक कर्नाटकाची राजधानी, तर दुसरे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाची राजधानी. बंगळूरात सकाळचे आठ वाजलेले असतात, तेव्हा बोगोट्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, इतिहासही वेगळा. तरीही जो प्रवासी ही दोन्ही नगरे डोळसपणे पाहील, त्याला त्यांच्यातील साम्याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही. दोन्ही नगरे विषुववृत्तापासून फार दूर नाहीत आणि दोन्ही थंड हवेसाठी प्रसिद्ध आहेत. दोहोंनाही मोठ्या नदीचा काठ लाभलेला नाही. त्यांच्या स्थापनेच्या मानल्या गेलेल्या सालांत तर केवळ एका वर्षाचा फरक आहे. येलहंक्याचा नायक पहिला केंपेगौडा याने १५३७ मध्ये बंगळूरचा मातीचा कोट उभारला, आणि ६ ऑगस्ट १५३८ रोजी हिमेनेस दे केसादा या स्पॅनिश सेनानीने बोगोट्याची स्थापना केली.

या साम्याचे मूळ उंचीत आहे. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते आणि तापमान दर हजार मीटरला साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. बंगळूर सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. म्हणूनच जवळजवळ त्याच अक्षांशावर वसलेल्या चेन्नईत माणसे घामाने निथळत असतात, तेव्हा बंगळूरात संध्याकाळी सुखद वारा वाहत असतो. बोगोट्याची उंची सुमारे २६०० मीटर, म्हणजे बंगळूरच्या जवळजवळ तिप्पट आहे. विषुववृत्त इतके जवळ असूनही तेथील सरासरी तापमान चौदा अंशांच्या आसपासच राहते. तेथे उन्हाळा व हिवाळा असा भेद फारसा जाणवत नाही. काही महिने पावसाचे आणि काही कोरडे, एवढाच ऋतुपालट.

उंचीचा हा परिणाम प्रवाशाला प्रथम आपल्या शरीरावरच अनुभवास येतो. बंगळूरात उतरलेल्या माणसाला काहीच त्रास होत नाही. परंतु बोगोट्यात हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेने तीन-चतुर्थांशच असल्यामुळे पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते आणि कित्येकांचे डोके दुखते. अशा वेळी पहिला दिवस विश्रांतीत घालवावा, पाणी भरपूर प्यावे आणि मोन्सेरात या ३१५० मीटरहून अधिक उंच टेकडीवर जाण्याचा बेत दोन दिवस पुढे ढकलावा, हे शहाणपणाचे. स्वयंपाकघरातही उंचीचा प्रभाव दिसतो. बोगोट्यात पाणी सुमारे ९१ अंशांवरच उकळू लागते. तेथे डाळ शिजण्यास वेळ लागतो, याचे कारण हेच होय.

राजधानीसाठी अशी उंच जागा का निवडली गेली? बोगोट्याच्या पठारावर स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मुइस्का नावाचे लोक राहत होते. ते शेतीत आणि विणकामात निष्णात होते, खाणीतील मिठाचा व्यापार करीत आणि सोन्याच्या नाजूक वस्तू घडवीत. बोगोट्याच्या सुवर्णसंग्रहालयात ठेवलेला सोन्याचा छोटा तराफा ही त्यांचीच कृती असून ती १९६९ मध्ये एका गुहेत सापडली. सुपीक जमीन, वसलेली गावे आणि रोगराईपासून दूर असलेली थंड हवा, या तिन्ही गोष्टी विजेत्यांना आयत्या मिळाल्या. बंगळूरच्या बाबतीतही हवेचा वाटा मोठा आहे. श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेला कंटाळलेल्या इंग्रजांनी १८०९ मध्ये आपली छावणी बंगळूरास हलविली. १८३१ मध्ये म्हैसूर संस्थानाचा कारभार त्यांनी हाती घेतला, तेव्हा राज्यकारभाराचे केंद्रही येथेच आले.

परंतु त्याहून जुने बंगळूर अजूनही पेठांच्या गल्ल्यांत नांदत आहे. चार नांगरांनी चार दिशांना रस्ते आखले गेले, अशी या पेठांच्या जन्माची आख्यायिका आहे. अक्कीपेठ तांदळाची, बळेपेठ बांगड्यांची, तरगूपेठ धान्याची; नावांवरूनच कोठे काय विकले जात असे ते कळते. मराठी वाचकाला हा भाग परका वाटू नये. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांनी येथे आपला दरबार भरविला. बाल शिवाजी मातोश्रींसह काही काळ येथे राहिले होते, असे मराठी साधने सांगतात. १६६४ मध्ये शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांचे दुसरे पुत्र एकोजी यांचा १६६९ मधील शिलालेख मल्लेश्वरम् येथील काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ आजही पाहावयास मिळतो. १६८७ मध्ये मोगलांनी हे नगर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हाती गेले. येथे भोसल्यांची जवळजवळ अर्धशतकाची सत्ता संपली.

प्रवाशाने बंगळूरचे दर्शन लालबागेपासून सुरू करावे. हैदर अलीने १७६० मध्ये या बागेचा आरंभ केला. बागेतील खडकाच्या टेकडीवर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा लहानसा बुरूज आहे, आणि तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर उभे राहिले की नगराच्या वाढीची कल्पना येते. एके काळी जी गावाची सीमा मानली जाई, ती आता शहराच्या पोटात आहे. तेथून कब्बन पार्क आणि १९५६ मध्ये पूर्ण झालेली विधानसौध ही ग्रॅनाइटची भव्य इमारत पाहून पेठेत उतरावे. बोगोट्यात हीच वाट मोन्सेरातच्या टेकडीवरून खाली ला कांदेलारिया या जुन्या वस्तीत आणि बोलिव्हार चौकात उतरते. रविवारी तेथील मोठे रस्ते मोटारींना बंद असतात आणि शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग सायकलस्वारांना व पादचाऱ्यांना मोकळे केले जातात. १९७४ मध्ये सुरू झालेला हा प्रघात पाहून बंगळूरच्या वाहनगर्दीत अडकलेल्या माणसाला हेवा वाटला तर नवल नाही.

दक्षिण अमेरिकेत कधीही न गेलेल्या माणसालाही बंगळूरात त्या खंडाच्या खुणा पावलोपावली आढळतात. वसंतात रस्त्यांवर निळाजांभळा सडा घालणारा जॅकरांडा मूळचा अर्जेंटिना व बोलिव्हियाचा. छत्रीसारखा पसरणारा पर्जन्यवृक्षही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलाच. मसाला डोशातील बटाटा अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांनी माणसाळविला आणि मिरचीही अमेरिकेतूनच आली. बसवनगुडीतील नंदीच्या देवळापुढे कार्तिकातील शेवटच्या सोमवारी शेंगांची मोठी जत्रा भरते. शेतकरी नव्या पिकाच्या शेंगा नंदीला वाहतात. ती भुईमुगाची शेंगसुद्धा दक्षिण अमेरिकेचीच देणगी होय. परकी वस्तू देवाच्या नैवेद्यात जाऊन बसली की ती परकी राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

झाडांच्या या वैभवामागे एका माळ्याची दृष्टी आहे. गुस्टाफ क्रुंबीगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून प्रथम बडोद्यास आला, तो सयाजीराव गायकवाडांच्या बोलावण्यावरून. पुढे १९०८ मध्ये म्हैसूर सरकारने त्याला बंगळूरास आणले. एका जातीचा बहर ओसरला की दुसऱ्या जातीचा सुरू व्हावा, अशा क्रमाने रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावण्याची पद्धत त्याच्या नावाशी जोडली जाते. १९५६ मध्ये त्याने बंगळूरातच देह ठेवला.

मात्र झाडे आणि थंड हवा पाहून भुललेल्या प्रवाशाने एक प्रश्न अवश्य विचारावा. मोठी नदी नसलेल्या या नगरांना पाणी मिळते कोठून?

बंगळूर एका कण्यावर वसले आहे. या कण्याच्या एका बाजूला पडलेला पाऊस अर्कावतीतून कावेरीला मिळतो, तर दुसऱ्या बाजूचा दक्षिण पिनाकिनीकडे वाहतो. असे पाणी निसटून जाऊ नये म्हणून पूर्वजांनी ओढ्यांवर बांध घालून तळ्यांच्या माळा रचल्या. वरचे तळे भरले की सांडव्यावाटे पाणी खालच्या तळ्यात उतरे. तळ्याखाली शेती होई आणि आसपासच्या विहिरींना झरे लागत. शहर वाढले तशी या माळांतील मणी गळू लागले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे आणि संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. संपंगीचा एक लहानसा तुकडा मात्र राखलेला आहे, कारण चैत्र पौर्णिमेच्या करग उत्सवातील विधी तेथे व्हावे लागतात. नगररचनाकारांना न वाचविता आलेले पाणी एका परंपरेने ओंजळभर का होईना, वाचविले.

तळी गेली आणि भार दूरच्या नदीवर पडला. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून बंगळूरास आणले जाते. ते सुमारे पाचशे मीटर उंच, तीन टप्प्यांत पंपांनी चढवावे लागते. म्हणजे पेल्यातील प्रत्येक घोटात विजेचा मोठा खर्च दडलेला असतो. जेथे नळ पोहोचत नाही तेथे विंधन विहिरी आणि टँकर. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील सरकारी विंधन विहिरींपैकी जवळजवळ निम्म्या आटल्या. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि सीमेवरच्या अनेक वस्त्यांपर्यंत नळ नेण्याची वाट मोकळी झाली. पण नदी तीच, आणि तिच्यावर हक्क सांगणारेही अनेक.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला बोगोटाही तहानलेले होते. तेथील सुमारे सत्तर टक्के पाणी चिंगासा येथील जलाशयांतून येते. या जलाशयांना पाणी पुरविणारी भूमी म्हणजे पर्वतमाथ्यावरचे धुक्याने भरलेले ओलसर माळ. तेथील केसाळ पानांच्या वनस्पती धुक्यातील ओलावा टिपतात आणि भुसभुशीत माती तो साठवून झऱ्यांना सावकाश देत राहते. पाऊस कमी झाला, जलाशयांनी तळ गाठला आणि ११ एप्रिल २०२४ पासून नगराचे विभाग पाडून पाळीपाळीने एकेक दिवस पाणी बंद ठेवावे लागले. हे नियंत्रण एप्रिल २०२५ पर्यंत चालले. बोगोट्याच्या पठारावरही एके काळी विस्तीर्ण पाणथळी होत्या. त्यांतील बहुतेक घरांखाली गेल्या आणि उरलेल्यांसाठी नागरिकांना झगडावे लागले.

दोन्ही नगरांच्या कथेत अशी एकच शिकवण आहे. ज्या हवेमुळे लोक आकर्षित होतात, तिचा आधार असलेली झाडे, तळी आणि पाणथळीच लोकांच्या गर्दीत प्रथम नाहीशा होतात. तथापि निराश होण्याचे कारण नाही. बंगळूरच्या जक्कूर तळ्यात शुद्ध केलेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून गाळून सोडले जाते, आणि तेथे पक्षी उतरतात. २०१८ पासून शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तळ्यांकडेही नेले जात आहे. ही कामे खर्चिक आहेत, त्यांत उणिवाही आहेत. परंतु एकदा वापरलेले पाणी टाकून द्यावयाचे नसते, हा जुना व्यवहार त्यांनी पुन्हा रुजविला आहे.

म्हणून राजधानी पाहावयास निघालेल्या प्रवाशाने राजवाडे, संग्रहालये आणि बागा पाहून झाल्यावर एक सकाळ पाण्यासाठी राखून ठेवावी. बंगळूरात सूर्योदयाला जक्कूरच्या बांधावर जावे, आणि बोगोट्यात एखाद्या पाणथळीच्या काठाने चालावे. तेथे फिरावयास आलेल्या वृद्धांशी दोन शब्द बोलावे. पूर्वी येथे पाणी कोठपर्यंत होते, हे ते हात लांब करून दाखवितील. त्या हाताच्या दिशेने पाहिले असता नगराचा खरा नकाशा दिसू लागतो.