२००७ची गाडी, २०१०चं इंजिन

सकाळी ७.३०. खामगाव. महामार्ग ५३ला लागून पत्र्याचं गॅरेज. एमएच-२८ पासिंगची महिंद्रा पिकअप, २००७ची. शेजारी जुन्या टायरवर ठेवलेलं २०१०चं इंजिन, अकोल्याहून ३८ हजारांत आणलेलं. “मिस्त्री, आजच चालू व्हाले पायजे,” मालक म्हणतो. कापसाचे दिवस. एक फेरी बुडाली की पंधराशे गेले.

८.३०. रोज चारशेवर असलेला पोरगा पाणी काढतो, रेडिएटर उतरवतो. तेलाने माखलेले बोल्ट डब्यात.

१०.००. तिपाईला चेनकप्पी. दोनशे किलोच्या वरचं धूड इंचाइंचाने वर येतं. मिस्त्री एका हाताने ते वळवतो, तोंडाने पोराला शिव्या देतो.

११.३०. खरं काम आता. दोन्ही इंजिनं दिसायला सारखी, पण नव्याचं तळाचं तेलाचं चेंबर पुढून खोल. खालच्या आडव्या पट्टीला टेकणार. म्हणून जुन्याचं चेंबर नव्याला, आतल्या तेलाच्या जाळीसकट. फ्लायव्हीलही जुनंच: गिअरबॉक्स जुना, क्लच प्लेट त्याच्याच मापाची. नवं पॅकिंग साडेतीनशे.

“याच्यापेक्षा नवं, कॉमन रेलचं काऊन नाई घेतलं?” मी विचारतो.

“त्याले कम्प्युटर लागते, सारी वायरिंग लागते. रस्त्यात बंद पडली त कोन पायते? हे पंपाचं हाय. पाना असला की झालं.”

१.३०. भाकर, ठेचा, कांदा.

२.३०. डाव्या फाउंडेशनची भोकं बोटभर सरकलेली. जाड पट्टी कापून पोरगा लेथवाल्याकडे पळतो. भोकं पाडायचे तीनशे. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात नेमकं माप हेच, आणि ते घेतलं खडूने.

५.००. इंजिन खाली. गिअरचा शाफ्ट क्लचमध्ये शिरेना. मिस्त्री गाडीखाली आडवा, पोरगा पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन फिरवतो. टक्. बसलं.

७.१०. हातपंपाने डिझेल फिल्टरमधली हवा काढली. नळ्यांचे नट सैल केले. फेस, मग डिझेल. नट आवळले. सेल्फ तिसऱ्यांदा मारल्यावर धूर, मग एकसारखा आवाज.

इंजिन नंबर आरसीवर चढवायला आरटीओत जावं लागेल. पावती जपून ठेवा, मिस्त्री बजावतो. मजुरी सहा हजार. मालक म्हणतो, “जुनं इंजिन दहाले ठेवून घे.”

“चेंबर नाई, फ्लायव्हील नाई. सहा.”

“आठ.”

मिस्त्री रॉकेलमध्ये हात धुतो.