अकाली जन्म आणि ताठरलेले स्नायू
३७ आठवड्यांची मुदत भरण्यापूर्वी जन्मलेले मूल आरंभी बहुधा सैलच असते. परंतु मेंदूतील श्वेतद्रव्यास इजा पोहोचली असल्यास, काही महिन्यांनी लंगोट बदलताना मांड्या विलग होत नाहीत, अंगठा मुठीतच राहतो, आणि मग वसई-विरारची आई गर्दीची लोकल गाठून परळच्या वाडिया रुग्णालयाची वाट धरते. या ताठरपणावर दिले जाणारे बॅक्लोफेन हे औषध मज्जारज्जूवर कार्य करून स्नायू शिथिल करते, मात्र गुंगी आणते, व एकाएकी बंद केल्यास आकडी येण्याचे भय असते. बोट्युलिनमची सुई निवडक स्नायूपुरती, सुमारे तीन महिने गुण देते. मूळ इजा मात्र कशानेच भरत नाही, म्हणून व्यायामोपचारावाचून औषध, माझ्या मते, अर्धेच. मुदतपूर्व प्रसूती अटळ दिसताच मातेस मॅग्नेशियम सल्फेट देण्याची तजवीज झाल्यास बाळाला असा ताठरपणा येण्याचा धोका काहीसा घटतो.