हवा कमी केल्याने टायर वाचत नाही

उन्हाळ्यात समृद्धी महामार्गाला लागण्यापूर्वी टायरमधली हवा थोडी कमी करून घ्या, हा सल्ला पंक्चरवाल्यापासून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत कोणीही देतो. तापलेली हवा फुगते, तेव्हा तिला आधीच जागा ठेवावी, असा त्यामागचा तर्क. ती किती फुगते, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा धावताना ६० अंशांवर गेली, तरी दाब ३६-३७च्या आसपास पोचतो. ही वाढ टायर बनवतानाच गृहीत धरलेली असते. चालकाच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो, तो याचसाठी.

टायरचा खरा घात आतली उष्णता करते, आणि हवा कमी असली की ती वाढते. गाडीच्या वजनाने टायरची बाजू जास्त दबते, दर फेऱ्याला वाकते नि सरळ होते. ताशी १२० किलोमीटरला साधारण मोटारीचे चाक सेकंदाला १७च्या आसपास फेरे घेते. असे तास दोन तास चालले की रबर आणि आतल्या पोलादी तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, तेव्हा फोर्डने एक्सप्लोरर गाडीसाठी सुचवलेला २६ पीएसआयचा दाबही वादात सापडला. टायर सदोष होते, हे खरेच. पण सदोष टायरला कमी हवा जास्तच महागात पडते.

मऊ टायर रस्ता घट्ट धरतो, हा दुसरा युक्तिवाद. वाळूत तो खरा आहे, कारण तिथे रुतायचे नसते आणि वेगही बेताचा असतो. (म्हणून कोकणातल्या किनाऱ्यावर गाडी घालावी असे नव्हे.) डांबरी रस्त्यावर त्याच मऊपणामुळे स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळतो आणि वळणावर गाडी डुलते. पावसात तर चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३२ऐवजी २४ पीएसआय असेल, तर पकड सुमारे १३ टक्के कमी वेगालाच सुटते. उलट, हवा प्रमाणाबाहेर भरली तर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, तिथेच झिजतो आणि खड्ड्यांवरून उसळतो. नायट्रोजनही यातून सुटका करत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच आणि तापल्यावर जवळपास तितकाच फुगतो. फक्त झिरपतो जरा सावकाश.

वाटेतल्या पंपावर ३७चा आकडा दिसला म्हणून हवा सोडू नये. सोडून ३२ केली, तर गाडी थंडावल्यावर टायरमध्ये २८च्या आसपास दाब उरेल, आणि दुसऱ्या दिवशीचा प्रवास त्याच मऊ टायरवर सुरू होईल.